फलाट क्रमांक एक, जास्वंद

प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ असतोच. नोकरीतून निवृत्त झालेला, स्वभावातून नाही. पाण्याचा व्हॉल्व्ह कोणी अर्धाच फिरवला, जिन्यात सायकल कोणाची, लिफ्टमध्ये लिंबाच्या साली कोणी टाकल्या, हे सगळे तपास आपोआप त्याच्याकडे जातात. उन्हाळा सरत आला की या गृहस्थांतल्या काहींवर आणखी एक जबाबदारी येऊन पडते. पडते म्हणजे कोणी टाकत नाही, तेच ओढून घेतात. बागेतल्या पक्ष्यांची पिल्लं घरट्यातून खाली यायला लागतात आणि हे त्यांच्या रक्षणासाठी तिसऱ्या मजल्यावरून खाली येतात. एका हातात काठी, गळ्यात शिट्टी, खिशात वही, आणि कुत्रा फिरवायला निघालेल्या प्रत्येक माणसाकडे बिनतिकीट प्रवाशाकडे बघावं तसं बघणारा चेहरा.

आमच्या गंगापूर रोडवरच्या सोसायटीत या गृहस्थांना सगळे कंट्रोलरकाका म्हणतात. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी मधुमालतीने झाकून टाकलीय. मधुमालतीत शिंपी पक्ष्याचं घरटं असावं असा काकांना संशय आहे, त्यामुळे वेल छाटायला बंदी. संशय दोन वर्षं जुना आहे. वेल आता दारही झाकायच्या बेतात आहे.

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नाशिकच्या सीबीएसवर खिडकीमागे बसून त्यांनी पेठ, हरसूल, कळवण, सटाण्याच्या गाड्या वर्षानुवर्षं सोडल्या. ध्वनिक्षेपकावर त्यांचा आवाज लागला की फलाटावर झोपलेला माणूससुद्धा पिशवी चाचपत उठायचा, मग त्याची गाडी असो वा नसो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर सुटली, हे ते आजही अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, तिचीही घोषणा यांनीच केली असणार. वयाने ते शक्य नाही. पण हिशेब मांडायचं धाडस आजवर कोणी केलेलं नाही.

अशा माणसाने निवृत्तीनंतर करायचं काय? घरातून वेळेवर सुटणारं काही उरलंच नव्हतं. मुलगा नोकरीला हिंजवडीत. काकू भजनी मंडळाला जायच्या त्या काकांना न विचारता, आणि परत यायच्या त्या उशिरा. घरात चहासुद्धा अनिश्चित काळासाठी विलंबाने धावायचा. अशात एका मे महिन्यात बागेतल्या जास्वंदीत लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने घरटं बांधलं, आणि काकांना पुन्हा ड्यूटी लागली.

आता बुलबुल हा काही मोठा अप्रूपाचा पक्षी नाही. काळं डोकं, त्यावर उभा तुरा, अंगावर खवल्यांची नक्षी आणि शेपटीच्या मुळाशी लाल ठिपका. काकांनी तो लाल ठिपका पाहिला आणि ‘मागचा दिवा चालू आहे’ असा शेरा वहीत मारला. मग ते ‘सावाना’त गेले. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, म्हणजे एसटीपेक्षाही जुनं. काका ज्या थोड्या संस्थांना मान देतात त्यांतली ही एक. तिथून त्यांनी सलीम अली आणले, चितमपल्लींचा पक्षिकोश आणला आणि आठवडाभर घरात पुस्तकांची हीच गाडी लागलेली राहिली. घरटं गवताकाड्यांचं आणि कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं, अंडी दोन-तीन, गुलाबीसर आणि त्यांवर तांबूस डाग, साधारण पंधरवडाभर उबवण, मग बारा-तेरा दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर. एवढी माहिती हाती येताच काकांनी ए विंगच्या प्रवेशद्वाराशी एक फळा टांगला.

फळ्यावर रकाने होते. फलाट क्रमांक १, जास्वंद. गाडी: बुलबुल. आसने: ३. सुटण्याची वेळ: शुक्रवार, सकाळी. खाली लाल खडूने: ‘श्वानपालकांनी नोंद घ्यावी.’

आणि गाडी गुरुवारीच सुटली.

यात बुलबुलाचा दोष नाही. पुस्तकातले दिवस सरासरीचे असतात आणि पिल्लू पुस्तक वाचत नाही. पण काकांनी त्या मादीला बरेच दिवस माफ केलं नाही. ‘वेळेआधी गाडी सोडणं हा उशिरापेक्षा मोठा गुन्हा,’ असं ते म्हणायचे. ‘उशीर झालेल्या गाडीला निदान प्रवासी असतात.’

पिल्लू घरट्यातून निघतं म्हणजे काय होतं, याबद्दल आपल्या बहुतेकांच्या कल्पना चित्रांच्या पुस्तकातल्या असतात. पंख पसरले, आभाळात झेप घेतली, आईने खालून कौतुकाने पाहिलं. प्रत्यक्षात ते धपकन खाली येतं. शेपूट बोटाच्या पेरापेक्षा जेमतेम मोठी, डोक्यावर तुऱ्याच्या जागी नुसते विस्कटलेले केस, चेहऱ्यावर सगळ्या जगाबद्दल नाराजी. ते उड्या मारतं, फडफडतं, फूटभर उडतं आणि हिरवळीवर आपटतं. नीट उडता येईपर्यंत पुढचे काही दिवस ते झुडपांत, कुंपणाच्या बुडाशी, कधी चक्क वाटेवर काढतं. आईबाप जवळपास असतात, अळ्या-किडे आणून भरवत असतात, शिकवत असतात. हेच त्याचं शिक्षण, आणि हेच त्याच्या आयुष्यातले सर्वांत धोक्याचे दिवस. नेमक्या याच दिवसांत, पहाटे सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ, आमच्या बागेत कुत्री येतात.

आमच्याकडे कुत्र्यांची नावं सर्वांना पाठ आहेत, मालकांची कोणालाच नाहीत. ब्रुनोची आई, कॉफीचे बाबा, चिकूची आजी, अशीच ओळख. काकांनी या सगळ्या कुत्र्यांची वर्गवारी केली. चिकू हा पग, त्याला श्वास घेण्यातच दिवस पुरत नाही, म्हणून ‘साधी’. कॉफी हा बीगल, नाक जमिनीला लावून एकदा निघाला की हाक मारून थांबत नाही, म्हणून ‘जलद’. फाटकापाशी राहणारा शेरू कोणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे, तो दिवसभर वॉचमनच्या खुर्चीखाली झोपतो, म्हणून ‘मुक्कामी’. आणि ब्रुनो. ब्रुनो लॅब्राडोर आहे. सोफ्याच्या आकाराचा, सोनेरी, सर्वांवर प्रेम करणारा, आणि प्रेमाच्या भरात कुंड्या पाडणारा. तो ‘निमआराम’. काकांचं खरं वैर याच्याशी.

‘माझा ब्रुनो माशीलाही मारत नाही हो,’ ब्रुनोची आई म्हणायच्या.

‘ताई, माशी उडून जाते,’ काका म्हणायचे. ‘प्रश्न जे उडून जाऊ शकत नाही त्याचा आहे.’

मुद्दा बिनतोड होता. कुत्र्याच्या मनात खून नसतो. पण गवतात काहीतरी फडफडलं की त्याचं अंग आधी धावतं आणि डोकं मागून येतं, आणि मधल्या दोन क्षणांत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्यात काकांनी आता कुत्र्यांवरची पुस्तकंही आणली होती. त्यांतून जे निघालं त्याने त्यांची झोप उडाली. बीगल ही जात विलायतेत सशांचा माग काढायला वाढवली. स्पॅनियल झुडपातले पक्षी उठवायला. आणि लॅब्राडोर? बंदुकीने पाडलेलं बदक पाण्यातून, झाडीतून तोंडात धरून मालकाला आणून द्यायला. ‘म्हणजे यांचं पिढीजात प्रशिक्षण याच कामाचं झालेलं आहे,’ काकांनी मला लिफ्टमध्ये अडवून सांगितलं. ‘आणि आपण यांना बागेत मोकळं सोडतो. ड्यूटीवर सोडतो!’

मग सर्वसाधारण सभा झाली. विषयपत्रिकेवर पाण्याचा टँकर पहिला होता आणि बुलबुल सातवा, पण टँकर पाच मिनिटांत आटोपला आणि बुलबुलाला पावणेदोन तास लागले. ब्रुनोच्या आईने भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना छापून आणल्या होत्या: सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. काकांनी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणला होता. दोघांनीही आपापल्या कागदावर पिवळ्या शाईने रेघा ओढल्या होत्या. कोणीच कोणावर बंदी मागत नव्हतं, हे सेक्रेटरींनी तीनदा सांगून पाहिलं. कागद आणलेत म्हटल्यावर ते वाचून दाखवल्याशिवाय कोण बसणार?

‘पक्षीच बघायचे असतील तर नांदूरमध्यमेश्वरला जा ना,’ कॉफीचे बाबा म्हणाले. ‘महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ आहे. इथे कशाला?’

‘मी जाईन हो,’ काका म्हणाले. ‘पण बुलबुलांना कोण सांगणार?’

शेवटी ठरलं ते इतकं साधं होतं की त्यासाठी सभा का लागली हा प्रश्न पडावा. पिल्लं खाली उतरल्याचं काका फळ्यावर लिहितील. त्या दिवसापासून आठवडाभर बागेत कुत्रा आखूड पट्ट्यावर. लांबत जाणारा फिरकीचा पट्टा चालणार नाही. मोकळं धावायचं असेल तर मागची पार्किंगची जागा. जास्वंद आणि कुंपणाच्या कडेने जायचंच नाही. आणि ज्यांच्या कुत्र्याला ‘सोड’ म्हटल्यावर सोडता येत नाही त्यांनी ते बिस्किटं देऊन शिकवायचं, कारण एरवीही चप्पल सोडवताना उपयोगी पडतं. माझं मत विचाराल तर आठवडाभर पट्टा हातात धरण्याचा त्रास हा पावणेदोन तासांच्या सभेच्या त्रासापुढे काहीच नाही. पण मला कोणी विचारलं नाही, मी टँकरच्या बाजूने बसलो होतो.

कुत्र्यांचा बंदोबस्त झाला तेव्हा काकांना इतर शत्रू दिसायला लागले. मांजर, सरडा, कावळा, शिक्रा. यादी वाढत गेली. पण सर्वांत मोठा घाव भारद्वाजाने घातला. भारद्वाज सकाळी दिसला की दिवस चांगला जातो, ही काकांची नोकरीभरची श्रद्धा. सीबीएसला निघताना वाटेत तांबूस पंखांचा तो मोठा पक्षी कुंपणावरून चालताना दिसला की काका सायकलवरून उतरून हात जोडायचे. आताही तो कोपऱ्यातल्या शेवग्याखाली रोज सकाळी यायचा, आणि काका रोज सकाळी हात जोडायचे. एक दिवस हात जोडलेले असतानाच तो तगरीच्या झुडपात शिरला. आत मोठा आरडाओरडा झाला, चष्मेवाल्या पक्ष्यांच्या जोडीने आकांत मांडला, आणि महाराज चोचीत काहीतरी लोंबकळवत बाहेर आले.

काका घरी आले ते थेट पक्षिकोशाकडे. किडे, गोगलगायी, सरडे, साप, आणि इतर पक्ष्यांची अंडी व पिल्लं. सगळं लिहिलेलं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकू म्हणाल्या, ‘अहो, त्यालाही पिल्लं असतील की घरी.’ यावर काकांकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी भारद्वाज आला तेव्हा काकांनी हात जोडले, पण म्हणाले, ‘दर्शन झालं. आता निघा.’

मला काका सर्वांत आवडतात ते मुलांशी बोलताना. एका संध्याकाळी बी विंगची तिघं मुलं बुटाच्या खोक्यात एक पिल्लू घेऊन आली. खोक्यात कापूस, कापसावर पावाचे तुकडे, शेजारी ड्रॉपरमध्ये दूध. तिघांच्याही डोळ्यांत पाणी. काकांनी आधी ड्रॉपर जप्त केला. पक्ष्यांना दूध पचत नाही, आणि ड्रॉपरने चोचीत पाणी सोडलं तर ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरतं, हे त्यांनी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. म्हणजे फक्त बी विंगपर्यंत ऐकू गेलं. मग त्यांनी पिल्लू पाहिलं. अंगभर पिसं, आखूड शेपूट, बुडाला लालऐवजी फिकट नारिंगी झाक. ‘मागचा दिवा अजून मंद आहे, पण गाडी चांगली आहे,’ काका म्हणाले. ‘उचललंत कुठून?’

‘जास्वंदीखालून. एकटंच होतं. हरवलं होतं.’

‘हरवलं नव्हतं. फलाटावर उभं होतं. त्याची आई डबा आणायला गेली होती आणि तेवढ्यात तुम्ही त्याला पळवलंत.’

मुलांचे चेहरे पडले. त्यांतल्या धाकटीने खरा प्रश्न विचारला, जो आपल्याकडे सगळ्या मुलांना त्यांच्या आज्यांनी शिकवलेला असतो: ‘पण आता आमचा हात लागला. आता त्याची आई त्याला घेणार नाही ना?’

‘बाळ,’ काका म्हणाले, ‘तू चुकून सटाण्याऐवजी कळवणच्या गाडीत बसलीस आणि कंडक्टरने हाताला धरून तुला परत आणलं, तर तुझी आई तुला घरात घेणार नाही का?’

मुलगी विचारात पडली. घेईल, पण मारेल, असं तिचं मत पडलं. काका म्हणाले, बुलबुल मारतही नाही. हात लागल्याने पक्षी पिल्लाला टाकतात, ही नुसती समजूत आहे. उघडंबोडकं, डोळे मिटलेलं पिल्लू पडलेलं दिसलं तर घरटं शोधून आत ठेवायचं. पिसं फुटलेलं असेल तर हलवायचंच नाही, आणि वाटेत किंवा कुत्र्याच्या तोंडाशी असेल तरच उचलून जवळच्या झुडपात बसवायचं. मुलांनी ते पिल्लू जास्वंदीत नेऊन ठेवलं. मग काका तिथेच उभे राहिले. आई येते की नाही ते बघायला.

आई येईना. काका हलेनात.

पाऊण तास झाला. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून काकूंचा आवाज आला. ‘अहो! बाजूला व्हा की जरा! ती बया चोचीत अळी घेऊन तारेवर बसलीय कधीची! तुम्ही तिथे असताना ती खाली कशी येणार?’

काकांनी वर पाहिलं. तारेवर पाहिलं. खरंच बसली होती. चोचीत अळी होती आणि ती काकांकडे बघून कर्कश ओरडत होती. एवढे दिवस हा आवाज काकांनी ‘आभार’ या सदराखाली वहीत नोंदवला होता. तो धोक्याचा इशारा होता, आणि धोका टोपी घालून, काठी घेऊन जास्वंदीखाली उभा होता. शिवाय एका जागी माणूस इतका वेळ कशाकडे बघत उभा आहे हे बघायला दोन कावळेही कंपाउंडवर येऊन बसले होते.

‘सगळ्या कुत्र्यांना पट्टे लावलेत,’ काकू वरून म्हणाल्या. ‘एक राहिलाय.’

हे अख्ख्या सोसायटीने ऐकलं. कॉफीचे बाबा तर खिडकीत येऊन ऐकत होते. पण काका रागावले नाहीत. ते दहा पावलं मागे गेले. मग वीस. मग वॉचमनच्या केबिनजवळ खुर्ची टाकून बसले, आणि तारेवरची मादी खाली उतरली. त्या दिवसापासून फळ्यावर नवी ओळ आली: ‘फलाटावर गर्दी करू नये. प्रवाशांचे नातेवाईक लांबूनच भेटतील.’

लांब बसणं हे काकांना सर्वांत जड गेलं. ज्याने जन्मभर गाड्या हाताने सोडल्या त्याला आपल्याशिवाय सुटणारी गाडी खुर्चीत बसून बघायची म्हणजे शिक्षाच. पहिले दोन दिवस ते खुर्चीसकट इंचाइंचाने पुढे सरकायचे. वॉचमन त्यांना न बोलता मागे ओढायचा. त्याला वाटायचं, हाही ड्यूटीचाच भाग असेल.

ब्रुनोचं प्रकरण जूनच्या पहिल्या पावसानंतरच्या सकाळी घडलं. हवा ओली, कुत्री खुशीत. ब्रुनो शिकवणी लावून आलेला होता, ‘सोड’ म्हटल्यावर दहापैकी सात वेळा सोडायचा. आखूड पट्ट्यावर होता, कुंपणापासून लांब होता, सगळं नियमात होतं. फक्त गळ्यातला पट्टा सैल होता. हे त्या दिवशी ब्रुनोच्या लक्षात आलं. त्याने मान मागे घेतली, डोकं खाली घातलं आणि पट्टा ब्रुनोच्या आईच्या हातात राहिला.

काकांनी शिट्टी फुंकली. ब्रुनोची आई ‘ब्रुनो, नो!’ ओरडल्या, आणि त्याला त्यात फक्त आपलं नाव दोनदा ऐकू आलं. तो तगरीमागे शिरला. तारेवरून, शेवग्यावरून, गच्चीच्या कठड्यावरून बुलबुल, चष्मेवाले, सातभाई, झाडून सगळे ओरडायला लागले. काका धावले. काकांना धावताना त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

ब्रुनो झुडपातून बाहेर आला तो तोंड मिटून. शेपूट वर, मान ताठ. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यांनाच पावती द्यावी या भावनेने तो आईला ओलांडून थेट काकांपुढे आला, बसला, आणि तोंड उघडलं. काकांच्या पसरलेल्या पंजात लाळेने चिंब झालेलं, तुरा चिकटलेलं, अतिशय संतापलेलं एक पिल्लू पडलं. त्याने काकांच्या अंगठ्याला चोच मारली.

लॅब्राडोरचं तोंड मऊ असतं. पाडलेल्या बदकाला दात न लावता ते उचलून आणावं म्हणूनच ही जात तयार झाली. पुस्तकातलं हे वाक्य काकांनी वाचलं होतं, पण ते फक्त आरोपपत्रात वापरलं होतं. त्यांनी पिल्लाचे दोन्ही पंख उलगडून पाहिले, पोटावरची पिसं फुंकून पाहिली. दाताचा बारीकसा ओरखडाही आत पिकतो आणि मग पिल्लू जगत नाही. ओरखडा नव्हता. त्यांनी ते जास्वंदीत उंच ठेवलं आणि कोणी सांगायच्या आत वीस पावलं मागे गेले.

ब्रुनोची आई बाकावर बसून रडत होत्या. कॉफीचे बाबा म्हणाले, ‘बघा काका, किती सज्जन कुत्रा आहे! आता याला तरी पट्ट्यातून सूट द्या.’

‘वा!’ काका म्हणाले. ‘एखाद्याने लायसन्स नसताना गाडी चालवली आणि सुखरूप पोचवली, म्हणून उद्यापासून त्याला सप्तशृंगीच्या घाटात पाठवायचं का?’ मग ब्रुनोकडे बघून जरा खालच्या आवाजात म्हणाले, ‘पण ड्रायव्हिंग चांगलं आहे.’ आणि खिशातून बिस्किट काढलं. खिशात बिस्किट कधीपासून ठेवायला लागले होते कोण जाणे. ब्रुनोला माहीत असावं, कारण तो बरोबर त्याच खिशाकडे बघत बसला होता. दुसऱ्या दिवशी ब्रुनोच्या गळ्यात नवा, घट्ट पट्टा होता आणि फळ्यावर आसनांच्या रकान्यात तीनपुढे लिहिलं होतं: ‘तिन्ही मार्गस्थ.’

बुलबुल एका हंगामात एकदाच पिल्लं काढतो असं नाही. जुलैत ब्रुनोची आई स्वतः काकांकडे आल्या. त्या पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांच्या बाल्कनीत टांगलेल्या मनीप्लँटच्या कुंडीत त्याच जोडीने, निदान काकांच्या मते त्याच, घरटं बांधलं होतं. त्यांना सगळं समजावून घ्यायचं होतं. काकांनी खुर्ची दिली, काकूंना चहा सांगितला (तो वेळेवर आला) आणि तासभर सूचना दिल्या. बाल्कनीचं दार बंद. ब्रुनोला आतल्या खोलीत. झाडाला पाणी अंदाजाने, घरट्यावर नाही. कपडे वाळत घालायचे ते दुसऱ्या बाजूला. पिल्लं उतरायच्या दिवसांत बाल्कनीच्या जाळीशी खालून फळी लावायची, म्हणजे ती थेट पार्किंगमध्ये पडणार नाहीत. ब्रुनोच्या आईने सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका शिट्टी, वही आणि दुर्बीण घेऊन त्यांच्या दारात. मी वर्तमानपत्र आणायला खाली चाललो होतो, जिन्यातच थांबलो. ब्रुनोच्या आईने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीच्या खालच्या भागातून ब्रुनोचं नाक बाहेर आलं आणि काकांच्या खिशाला लागलं.

‘काका, आत्ता नको.’

‘फक्त पाहणी. दोन मिनिटं.’

‘ती बसलीय अंड्यांवर. तुम्ही बाल्कनीत आलात की उडून जाईल.’

‘मी लांब उभा राहीन. स्वयंपाकघराच्या दारात.’

‘काल तुम्हीच सांगितलंत, घरचेसुद्धा नकोत म्हणून.’

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. ‘बरं, किती आहेत तेवढं तरी सांगा. फळ्यावर आसनं लिहायची आहेत.’

‘मोजली नाहीत. मोजायला गेले तर तिला त्रास होईल.’

‘मग मी लिहू काय?’

‘जादा गाडी,’ ब्रुनोची आई म्हणाल्या, आणि ब्रुनोचं नाक हळूच आत ओढून घेत त्यांनी दार लावलं. आतून पुन्हा त्यांचा आवाज आला, ‘आणि काका, फलाटावर गर्दी करू नका!’